दोन माइक, एक टॅबलेट आणि बेरजेची घाई

मुलाखत घेणारा एक, देणारा एक, मध्ये टेबलावर टॅबलेट. दोघांच्या गळ्याशी लावायला दोन कॉलर माइक आणले जातात आणि मग ध्यानात येतं की टॅबलेटला भोक एकच आहे. दुकानदार लगेच वाय आकाराची एक वायर काढून देतो: दोन टोकं माइकांना, तिसरं टॅबलेटला. खर्च किरकोळ, जोडणी क्षणाची, आणि आवाज येतोही. गोची कळते ती घरी येऊन ऐकताना. पाहुणा नळीतून बोलतोय असं वाटतं, त्याने मान वळवली की आवाजाचा रंग पालटतो, पंख्याची घरघर दुप्पट झालेली असते आणि यजमानाचा आवाज पाहुण्याच्या डोक्यावर बसलेला असतो. हौशी पॉडकास्टवाल्यांपासून गावच्या सप्ताहातली कीर्तनं मुद्रित करून ठेवणाऱ्या मंडळांपर्यंत अनेकांना ‘दोन माइक एका टॅबलेटला कसे जोडायचे’ हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर बहुधा वायरींच्या भाषेत मिळतं. माझ्या मते हा आधी वेळेचा प्रश्न आहे. दोन आवाज एक करायचेच आहेत, पण कधी? दोन माइकांमधलं नातं, म्हणजे कोणता माइक बोलणाऱ्यापासून किती दूर आणि कोणाचा आवाज किती वाढवलेला, हे नेमकं ठाऊक असेल तर खुशाल ताबडतोब करावेत. ठाऊक नसेल तर ही बेरीज जितकी लांबवता येईल तितकी लांबवावी.

याचं कारण ध्वनीच्या बेरजेतच आहे. माइकवर आदळतो तो हवेचा दाब. तो क्षणात सरासरीच्या वर, क्षणात खाली असतो, आणि माइक त्याची वीज करतो. म्हणून दोन माइकांचे सिग्नल मिसळले की शाळेतल्या धन-ऋण संख्यांसारखी चिन्हासकट बेरीज होते. एकच आवाज दोन्ही माइकांत अगदी एकाच वेळी आणि सारख्याच जोराने पोचला तर तो ६ डेसिबलने वाढतो. पण दोन माइक एका जागी नसतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ३४ सेंटिमीटर जायला त्याला एक मिलिसेकंद लागतो. समजा, बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक माइक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब आहे. ५०० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन दोन मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे एका माइकात तो सूर चढत असतो नेमका तेव्हाच दुसऱ्यात उतरत असतो. बेरीज शून्याकडे जाते. तेच १५०० हर्ट्झला, २५०० ला, ३५०० ला. आणि मधल्या १०००, २००० हर्ट्झवर मात्र आवाज फुगतो. आलेख काढला तर फणीसारखा दिसतो: दात, खाच, दात, खाच. मराठी बोलण्यातले ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात ते याच पट्ट्यातल्या चढउतारांवरून. नळीतून आल्यासारखा आवाज म्हणतात तो हा. बोलणाऱ्याने मान हलवली की अंतर बदलतं, खाचा सरकतात, आणि नुसता वाईट असलेला आवाज आता वाईट आणि अस्थिर होतो.

एक खुलासा इथेच करायला हवा. खाच शून्यापर्यंत खोल जाते ती दोन्ही माइकांत आवाज सारख्या जोराचा असेल तेव्हाच. एकात तो पुष्कळ क्षीण असेल तर फणीचे दात उथळ राहतात. जाणकारांचा ‘तीनास एक’ हा नियम यावरच उभा आहे: माइक बोलणाऱ्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा. अंतर तिप्पट झालं की मोकळ्या हवेत आवाज साडेनऊ डेसिबलने उतरतो, आणि मग शिखर व खाच यांतला फरक साधारण ६ डेसिबलवर येतो; कानाला कळतो, पण सोसतो. कॉलर माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि समोरच्याचा माइक एक मीटरवर, तर प्रमाण पाचास एक होतं आणि फरक साडेतीन डेसिबलांपर्यंत घटतो. मग भीती कशाची, असं कोणी विचारेल. भीती ही, की हा नियम दोन्ही माइकांचा आवाज सारखाच वाढवलेला आहे असं गृहीत धरतो. पाहुणा हळू बोलणारा निघाला आणि त्याचा माइक १० डेसिबलने वाढवला, की त्या माइकातला यजमानाचा आवाजही १० डेसिबलने वाढतो आणि अंतर राखून कमावलेलं जवळपास सगळं हातचं जातं. त्यात छोट्या मुद्रण-साधनांमधली आपोआप आवाज वाढवणारी सोय चालू असेल तर प्रत्येक शांत क्षणी ती गप्प माणसाचा माइक वर उचलते. नियम कागदावर शाबूत राहतो, खोलीत मोडतो. शिवाय छोट्या खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज आपण आखलेल्या अंतराला जुमानत नाही.

पखवाज घ्या. कीर्तनाच्या मुद्रणात पखवाजाच्या दोन्ही बाजूंना एकेक माइक लावायची पद्धत आहे. एका पुडीवर थाप पडली की ती आत दबते. आतली कोंडलेली हवा दुसरी पुडी बाहेर ढकलते. म्हणजे पहिल्या क्षणी एका माइकपासून कातडं दूर जातं तर दुसऱ्याच्या दिशेने येतं. दोन्ही सिग्नल जसेच्या तसे मिसळले तर खालचा घुमारा एकमेकांना खातो आणि ‘पखवाजाला दमच नाही’ असा शेरा वादकाच्या वाट्याला येतो. ड्रमच्या वर-खाली माइक लावणारे पाश्चात्त्य ध्वनितज्ज्ञ अशा वेळी एका माइकची पोलॅरिटी उलटी करून पाहतात. अॅपमध्ये ते एका बटणाचं काम आहे. पण ते बटण एकट्या माइकवरच दाबता यायला हवं. दोन्ही आवाज आधीच एक झाले असतील तर बटण दोघांना मिळून उलटं करतं, आणि दोन्ही उलटे म्हणजे होते तसेच.

आता उलट बाजूचा पुरावा पाहू, कारण तो माझ्या म्हणण्याला छेद देतो असं वाटू शकेल. त्याच टॅबलेटच्या पोटात दोन, तीन, महागड्यांत चार-पाच माइक बसवलेले असतात, आणि ते रोज न चुकता एक होत असतात. २०१० साली आलेल्या आयफोन ४ मध्ये आणि गूगलच्या नेक्सस वनमध्ये दुसरा माइक होता तो भोवतालचा गोंगाट वजा करण्यासाठीच. त्याच्याही आधी, १९७४ साली, ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने स्पीकरांची अवाढव्य भिंत गायकांच्या पाठीमागे उभी केली होती. गायकाच्या माइकमध्ये तो सगळा आवाज परत घुसून कुई व्हायची, म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक जवळजवळ बांधून एकमेकांच्या उलट जोडले. गायक तोंड लावायचा फक्त वरच्याला. भिंतीचा आवाज दोघांत सारखाच पोचायचा आणि कटायचा. गाणं एकाच माइकात भरपूर असल्याने टिकायचं. इंग्लंडच्या अॅलन ब्लूमलाइन यांनी १९३१ च्या डिसेंबरात स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडीत दोन माइक एकावर एक, जवळजवळ एकाच बिंदूवर, काटकोनात असतात. आवाज दोघांत एकाच वेळी पोचत असल्याने नंतर एक केले तरी फणी उमटत नाही. ही सगळी उदाहरणं बेरजेच्या यशाची आहेत. पण सगळ्यांत समान काय ते पाहा. टॅबलेटमधल्या दोन माइकांतलं अंतर कारखान्यात मिलिमीटरपर्यंत ठरलेलं आहे आणि ते बदलत नाही. त्या गायकांच्या माइकांचंही तेच, ब्लूमलाइनच्या जोडीत तर अंतर नावालाच. नातं माहीत आहे, म्हणून गणित बसतं. आपल्या टेबलावरच्या दोन माणसांच्या गळ्यांतलं अंतर मात्र एक जण चहाचा कप उचलायला वाकला की बदलतं.

आता त्या वाय वायरीकडे वळू. टॅबलेटला हेडफोनचं भोक असेल तर त्यात जाणाऱ्या चौपट्टी पिनेवर डावा कान, उजवा कान, अर्थ आणि माइक अशा चार जागा असतात, माइकसाठी एकच. म्हणजे तिथे दोन आवाज वेगळे पोचवायला जागाच नाही, वायर कितीही चांगली आणा. (दोन हेडफोन लावायची जी साधी वाय मिळते तिच्यात माइकची पट्टीच नसते. तीच माइकसाठी गळ्यात मारली जाते आणि लोक टॅबलेटला दोष देतात.) खास दोन माइकांसाठी बनवलेली वाय चालते, पण दोन्ही माइक तिच्यात समांतर जोडले जातात आणि प्रत्येक माइक दुसऱ्यावर ओझं होऊन बसतो. सारख्या बनावटीचे दोन डायनॅमिक माइक असे जोडले तर प्रत्येकाचा आवाज सुमारे निम्म्यावर, म्हणजे ६ डेसिबल खाली येतो. कॉलर माइकांना टॅबलेटकडून मिळणारी इवलीशी वीज दोघांत वाटली जाते. काही माइकांचं बंद-चालूचं बटण बंद करताना आतली दोन टोकं एकमेकांना जोडून टाकतं. अशा वेळी पाहुण्याने शिंक आली म्हणून आपला माइक बंद केला तर यजमानही मुका होतो. आणि मुख्य म्हणजे कोणाचा आवाज किती, हे ठरवायला मध्ये काहीच नाही. अॅम्प्लिफायरवर प्रत्येक माइकला आपला वेगळा खुंटा असतो, हे साध्या मांडववाल्यालाही पक्कं ठाऊक असतं. वाय वायरीत आपण तो खुंटा काढून टाकतो.

उपाय म्हणून दोन यूएसबी माइक आणून हबमधून टॅबलेटला जोडायचं सुचतं. तेही सहसा चालत नाही, आणि त्यात टॅबलेटचा आडमुठेपणा नाही. प्रत्येक यूएसबी माइकमध्ये आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने मोजणारं स्वतःचं घड्याळ असतं, आणि कोणतीही दोन घड्याळं तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. दहा लाखांत वीस इतका किरकोळ फरक धरला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची फारकत होते. एकाचा आवाज टॅबलेटवर आणि दुसऱ्याचा फोनवर मुद्रित करणाऱ्यांचा शेवट सुरुवातीसारखा जुळत नाही तो यामुळेच. म्हणून हवं ते एकच यंत्र, ज्यात माइकची दोन भोकं आणि एक घड्याळ आहे: दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. २०१८ च्या आयपॅड प्रोपासून आयपॅडमध्ये यूएसबी-सी येत गेलं, अँड्रॉइडवर यूएसबी ऑडिओची सोय २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून आहे. इंटरफेस दोन माइक दोन वेगळ्या वाहिन्यांवर पाठवतो, आणि आयपॅडवरच्या गॅरेजबँडसारखं अॅप त्या दोन वेगळ्या ट्रॅकवर उतरवून घेतं. साध्या कॅमेरा अॅपवर मात्र विसंबू नये: कित्येक अॅप पहिली वाहिनी तेवढी उचलतात, पाहुणा गायब होतो, आणि माणूस ‘दोन्ही एक कसे करू’ म्हणून पुन्हा वाय वायरीपाशी येतो. दोन ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर अशा वायरलेस संचांतही हाच निर्णय एका छोट्या सेटिंगमध्ये दडलेला असतो. मोनो किंवा ‘मर्ज्ड’ म्हटलं की दोघे जागीच एक होतात. स्टीरिओ किंवा ‘स्प्लिट’ म्हटलं की एक डावीकडे, एक उजवीकडे. मुद्रणाच्या दिवशी हे सेटिंग बघायला दहा सेकंद लागतात.

जागा दुप्पट लागते ही तक्रार खरी आहे, पण मोजून पाहावी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट हा व्यवसायात चालणारा दर्जा धरला तर एका ट्रॅकला तासाला ५१८ मेगाबाइट लागतात. दोन ट्रॅक मिळून जेमतेम एक गिगाबाइट. टॅबलेटवरचा तासाभराचा व्हिडिओ याच्या कैकपट असतो.

अधिक वजनाचा आक्षेप असा, की शेवटी ऐकणारा फोनच्या एका स्पीकरवरच ऐकणार आहे, मग एवढा सोवळेपणा कशाला? शेवटी एक व्हायचंच आहे, हे मलाही मान्य आहे. यजमान डाव्या कानात आणि पाहुणा उजव्या कानात असं मुद्रण तसंच प्रसिद्ध करणं तर ऐकणाऱ्याचा छळ आहे. बोलण्याच्या कार्यक्रमात दोघेही मध्यभागीच असावेत. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराचं गाणं टेलिफोनच्या तारांवरून दोन कानांना दोन वेगळ्या माइकांतून ऐकवलं तेव्हा लोकांनी रांगा लावल्या, पण तिथे रंगमंचाची डावी-उजवी बाजू कळण्यात गंमत होती. दोन माणसांच्या गप्पांत ती नाही. तरीही ऐकणाऱ्याकडे एकच स्पीकर आहे हे उशिरा मिसळण्याचंच कारण ठरतं. संतुलित तीनपिनी माइक चुकीच्या अडॅप्टरने स्टीरिओ भोकात घातला तर डावीकडे आवाज सुलट आणि उजवीकडे उलट उतरतो. हेडफोनवर तो थोडा विचित्र, पण ठणठणीत ऐकू येतो. फोनच्या एकाच स्पीकरने दोन्ही बाजू मिळवल्या की बोलणारा नाहीसा होतो आणि मागे खोलीतली खुडबूड उरते. वाहिन्या वेगळ्या असतील तर एक बाजू टाकून दिली की काम भागतं. टॅबलेटवरच एक करून एकच वाहिनी ठेवली असेल तर टाकून द्यायला काही शिल्लक नसतं.

कृत्रिम बुद्धिमत्ता दोघांचे आवाज वेगळे काढून देईल, हा आजचा लाडका आक्षेप. गाण्यातून गळा आणि तबला वेगळे करणारी साधनं थक्क करतात, हे खरंच. पण ती मूळ आवाज परत आणत नाहीत. तो कसा असावा याचा अदमास बांधतात. दोन माणसं एकाच वेळी बोलत असतील, त्यात फणीच्या खाचांनी काही पट्टे खोलीच्या खरखरीखाली बुडवले असतील, तर तिथे भरलं जाणारं सगळं अनुमान असतं. वऱ्हाडी आजीबाईची जात्यावरची ओवी जतन करायची असेल तर तिच्या उच्चारात यंत्राने घातलेली ठिगळं कोणाला हवी आहेत? याउलट ट्रॅक वेगळे असतील तर त्याच साधनांचं काम सोपं होतं: बोलण्याचं लेखन करणाऱ्या सॉफ्टवेअरला कोण बोलतंय ते ओळखत बसावं लागत नाही, आणि एकाच्या खोकल्याच्या जागी त्याचा ट्रॅक तेवढा खाली घेता येतो.

उरतो तो थेट प्रक्षेपणाचा प्रश्न, आणि तिथे मी माघार घेतो. लाइव्हमध्ये ‘नंतर’ नसतं; बेरीज तिथल्या तिथेच करावी लागते. पण तेव्हाही दोन्ही माइक सताड उघडे ठेवून मिसळणं हा एकमेव मार्ग नाही. उघडे माइक एकाचे दोन झाले की खोलीतला गोंगाट ३ डेसिबलने चढतो, पंखा दोनदा मोजला जातो. अमेरिकेचे ध्वनितज्ज्ञ डॅन ड्यूगन यांनी १९७० च्या दशकात यावर काढलेली तोड आजही मोठ्या डिजिटल मिक्सरांत वापरली जाते. तिचा आधार वाटणीचा आहे: एकूण आवाजात ज्या माइकचा जितका वाटा, तितकंच त्याला उघडायचं. एक जण बोलत असेल तर त्याचा माइक जवळपास पूर्ण उघडा आणि दुसरा आपसूक खाली. दोघे एकदम बोलले तर प्रत्येकी ३ डेसिबल कमी. दोघे गप्प असतील तरी सगळे माइक मिळून एकाच माइकइतके उघडे. बोलण्याच्या ओघाकडे पाहून दोन माइकांमधलं नातं क्षणोक्षणी नव्याने ठरवणारी ही बेरीज आहे.

टॅबलेटपाशी बसलेल्या माणसाकडे असा मिक्सर नसतो, पण दोन फेडरांचा छोटा यूएसबी मिक्सर परवडू शकतो आणि हात तर असतातच. दोन्ही माइक मध्यभागी ठेवावेत, म्हणजे कोणतंही अॅप कोणतीही वाहिनी उचलो, दोघेही ऐकू येतात. दोघे एकदम हसले तरी आवाज फाटू नये म्हणून पातळी शिखरापासून निदान १२ डेसिबल खाली असू द्यावी, आणि मिक्सरला आपोआप आवाज वाढवायची सोय असेल तर ती आधी बंद करावी. मग जो बोलत नाही त्याचा फेडर दहाएक डेसिबल खाली घ्यावा. पूर्ण बंद करू नये, कारण समोरच्याचं ‘हं’, त्याचं दचकणं, हसू आवरतानाचा श्वास हेसुद्धा मुलाखतीत ऐकू यायला हवं. त्याने तोंड उघडण्याआधी श्वास घेतलेला कानाला कळतो. फेडर वर न्यायला तेवढा वेळ पुरतो.